ग्रुपवर 'आरटीओ चलन' नावाची फाईल फिरतीय, ज्यांनी उघडली त्यांनी आधी काय करायचं?

हळदपेठ
मंडळी, सांगली-मिरजेतल्या बऱ्याच व्यापारी ग्रुपवर रविवारपासून एक फाईल फिरतीय. नाव 'आरटीओ ई-चलन' आणि शेवटी डॉट एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाईल. खाली लिहिलंय की तुमच्या गाडीनं सिग्नल तोडला, दंड झालाय, फोटो आत बघा. आमच्या मार्केट यार्डातल्या ग्रुपवर ती आली एका बुजुर्ग अडत्यांच्या नंबरवरून, ज्यांच्या नुसत्या शब्दावर हळदीचे सौदे होतात, मग शंका कोण घेणार. चारपाच जणांनी उघडली. अण्णांना फोन केला तर म्हणाले मी कायबी पाठवलेलं नाही, माझं व्हॉट्सॲपच सकाळपासून बंद पडलंय.

त्यामुळं 'अनोळखी नंबरवरची लिंक उघडू नका' हे ज्ञान कृपा करून इथं देऊ नका. नंबर ओळखीचा होता, माणूस ओळखीचा होता, दंड पण पटण्यासारखा, कारण आपल्याकडं सिग्नल कोण तोडत नाही. प्रश्न एवढाच की फाईल उघडून ॲप इन्स्टॉल झालं असेल तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं? ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणतीय ॲप डिलीट केलं की झालं, दुसरी म्हणतीय फोन फॉरमॅट मारा. कोण बरोबर?

मोबाईलवाला_विश्रामबाग
दोन्ही करायचंय पण आत्ता नाही. आधी नेट तोडा. फ्लाइट मोड लावा आणि वायफाय पण बंद झालंय का ते डोळ्यानं बघा, काही फोनात फ्लाइट मोड लावला तरी वायफाय चालूच राहतं. मग सिम काढा आणि घरात जुना बटणाचा फोन असेल त्यात टाका. आता बँकेचे मेसेज त्या साध्या फोनात येणार आणि त्या ॲपला काही वाचता येणार नाही. त्यानंतर बँकेला आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन. नेट चालू ठेवून त्याच फोनवर कस्टमर केअरचा नंबर शोधत बसू नका.

हे ॲप करतंय काय ते पण सांगतो, कारण दुकानात लोक येऊन म्हणतात 'उघडलं पण कायच झालं नाही, आयकॉनबी नाही दिसत'. आयकॉन नाही दिसत हीच तर गडबड. इन्स्टॉल होताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, कॉन्टॅक्ट मागतं, आपण अलाऊ अलाऊ दाबत सुटतो. मग आयकॉन लपवून आत बसतं आणि येणारा प्रत्येक ओटीपी पुढं पाठवत राहतं. व्हॉट्सॲपचा कोड पण एसएमएसनंच येतो ना, तो घेऊन तुमचं व्हॉट्सॲप तिकडं दुसऱ्या फोनात चालू करतात आणि तुमच्या नावानं सगळ्या ग्रुपवर तीच फाईल टाकतात. अण्णांचं तेच झालेलं दिसतंय.

आणि 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणून परवानगी दिली असेल तर मामला जास्त बेकार, त्यातून स्क्रीनवर काय चाललंय ते दिसतं आणि बटणं पण दाबता येतात.

हळदपेठ
भावा हे सिम बटणाच्या फोनात टाकायचं डोक्यातच आलं नव्हतं. लगेच कळवतो सगळ्यांना. पण डिलीट कधी मारायचं?

मोबाईलवाला_विश्रामबाग
बँकेचं आणि १९३० चं झाल्यावर. आधी दुसऱ्या फोननं फोटो काढून ठेवा. तो मेसेज, फाईलचं नाव, कुणाच्या नंबरवरून किती वाजता आली, सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत ते कुठल्या नावानं बसलंय, बँकेचे मेसेज, सगळं. लोक घाबरून फॉरमॅट मारतात आणि मग पोलिसांना दाखवायला हातात काहीच राहत नाही. फोटो झाले की सेटिंग्ज, ॲप्स, तिथनं काढा. 'अनइन्स्टॉल' दबतच नसेल तर आधी ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनमधून त्याचा टिक काढा, तरी नाही गेलं तर सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. ते झालं तरी बँकेचं कुठलंही ॲप त्या फोनात पूर्ण रिसेट मारल्याशिवाय परत चालू करू नका हे माझं ठाम मत. फोटो-बिटो बाहेर काढून घ्या पण जुनी ॲपं बॅकअपमधून परत ओढू नका.

खरं चलन असेल तर गाडीचा नंबर टाकून परिवहनच्या ई-चलन साईटवर दिसतं, महाट्रॅफिक ॲपवर पण दिसतं. त्याला व्हॉट्सॲपवरून फाईल घ्यावी लागत नाही.

कृष्णाकाठचा
आपल्याला आयफोन आहे, एपीके चालतच नाही. निवांत.

मोबाईलवाला_विश्रामबाग
एपीके नाही चालत, पण फोन उचलून ओटीपी सांगितला तर आयफोनवाल्याचे पण जातातच की.

निवृत्त_कॅशियर
मी सहकारी बँकेत आयुष्य काढलं म्हणून बँकेच्या बाजूचं थोडं लिहितो. फोन करताना 'माझे पैसे गेले हो' एवढंच म्हणून थांबू नका. स्पष्ट सांगा की यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड तिन्ही बंद करा. बरेच लोक फक्त एटीएम कार्ड ब्लॉक करून निर्धास्त होतात आणि पैसे जात असतात यूपीआयमधून. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि सही, 'साहेबांना सांगितलंय' ही पोच नव्हे.

वेळेला एवढं महत्त्व का तर रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं आणि सहकारी बँकांसाठी तसंच वेगळं डिसेंबर २०१७ मध्ये निघालं. त्यात असं आहे की चूक बँकेची नाही, ग्राहकाची पण नाही, मधल्या तिसऱ्याच कुणाची आहे, आणि ग्राहकानं ३ कामकाजाच्या दिवसात कळवलं तर त्याच्यावर शून्य भार. पण ग्राहकानं स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे तुमच्याकडून काही झालं असलं तरी फोन केलेल्या मिनिटापासून बाजू पालटते. 'आपलीच चूक, कशाला सांगायचं' म्हणून लोक दोन दिवस गप्प बसतात, ते सगळ्यात महाग पडतं.

दंडोबा_ट्रेकर
काका पण एपीके प्रकरणात बँका सरळ 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' म्हणून हात झटकतात ना? ओटीपी तर माणसानं सांगितलेलाच नसतो, तो ॲपनं चोरलेला असतो.

निवृत्त_कॅशियर
झटकतात. पण त्याच परिपत्रकात लिहिलंय की ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. तेव्हा तोंडी नकार घेऊन परत येऊ नका, लेखी मागा. ३० दिवसात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. एक मात्र लक्षात घ्या, आपल्या भागात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्या रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, सहकार खात्याखाली येतात, तिथं हा लोकपाल चालणार नाही.

द्राक्षबाग_तासगाव
मला येक सांगा की, आमच्यात 'पीएम किसान' म्हणून बी अशीच फाईल आल्याली. हप्ता अडकलाय, केवायसी करा म्हणून. पोरानं उघडू दिली न्हाई. पण सरकारचं खरं ॲप बी हाय म्हणत्यात, मग वळखायचं कसं वो? आन ती लाईट कट करणार म्हणून मेसेज येत्यात त्येचं काय? ऐन छाटणीत मोटर बंद पडली तर जीवच जातोय, माणूस फोन लावणारच.

दंडोबा_ट्रेकर
मामा, पीएम किसानचं ॲप आहे पण ते प्ले स्टोअरवर. सरकार असो की बँक, व्हॉट्सॲपवर ॲपची फाईल पाठवत नाही, ही एक गोष्ट डोळे झाकून धरा. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी पण खोट्या साईटी निघाल्या होत्या, तिथं पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघायचं, मधे कुठंतरी नाही, 'https://' सोडून येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी. आता बँकांच्या साईटींना पण शेवटी बँक डॉट इन असतं, रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्यांना तसं करायला लावलं होतं.

लाईटचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला की समजायचं बोगस. महावितरणचा मेसेज एमएसईडीसीएल या नावानं येतो, आणि त्यात 'या साहेबांना फोन करा' म्हणून कुणाचा खासगी नंबर नसतो. शंका आली तर ग्राहक क्रमांक टाकून त्यांच्याच ॲपवर बिल बघा. आता मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी एक अक्षर पण असतं बघा, जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरात.

गलाईकर_विटा
आमच्या खानापूर-आटपाडी भागात घरटी एक माणूस गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, बाहेर. कुणी तमिळनाडूत कुणी केरळात कुणी पंजाबात. सगळा संसार व्हॉट्सॲपवर चालतो. त्याचाच फायदा घेतात. पुतण्याचा फोटो लावलेला नवा नंबर, 'काका फोन बदललाय, दुकानात अडचण आहे, एवढे पाठवा संध्याकाळी देतो'. आमच्यात एक पद्धत पाडलीय, पैशाची गोष्ट निघाली की व्हॉट्सॲप बंद करून जुन्या नंबरवर साधा फोन लावायचा आणि गावच्या बोलीत दोन वाक्यं बोलायची. कुणाची म्हैस व्याली विचारलं की खोटा पुतण्या तिथंच गार.

कराडची_लेक
हाहा हे भारी आहे.

सायबर_रिकव्हरी_९९
(हा प्रतिसाद काढून टाकला आहे. - व्यवस्थापक)

व्यवस्थापक
वरचा प्रतिसाद का काढला ते सांगतो. 'गेलेले पैसे २४ तासात परत, आधी फाईल चार्ज भरा' असा मजकूर आणि टेलिग्रामचा पत्ता होता. याच धाग्यातल्या काही सदस्यांना खासगी मेसेज पण गेलेत. खातं बंद केलंय. ज्याचे एकदा गेलेत तो घायकुतीला आलेला असतो म्हणून हे लोक मुद्दाम अशा चर्चा शोधत येतात. १९३० वर किंवा सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करायला एक रुपया लागत नाही. कुणी फी मागितली की तो दुसरा चोर.

हळदपेठ
वा, चोरांच्या धाग्यावर चोर!

अपशिंगेकर
साताऱ्याकडनं थोडं. आमच्या भागात फौजी घरं भरपूर, त्यामुळं 'मी आर्मीत आहे, बदली झालीय, फ्रीज, गाडी स्वस्तात विकायचीय' ही जाहिरात आणि सोबत कॅन्टीन कार्डाचा, आयकार्डाचा फोटो आला की लोक लगेच विरघळतात. खरा जवान आपलं आयकार्ड असं बाजारात फिरवत नाही, फिरवलं तर कारवाई होते त्याच्यावर. मग गेटपासची डिपॉझिट, वाहतुकीचे पैसे, असं करत करत उकळतात. उलट बाजूनं पण करतात, तुम्ही काही विकायला काढलं की 'क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील'. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

पण त्याहून वाईट ते डिजिटल अरेस्ट. आमच्या आळीत एका रिटायर्ड सुभेदार साहेबांना व्हिडिओ कॉल आला, तुमच्या आधारवर सिम घेऊन गुन्हा झालाय, मागे पोलिस ठाण्यासारखी खोली, वर्दीतला माणूस, 'कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही'. शत्रूच्या गोळीला न घाबरलेला माणूस, पण सरकारी कागद आणि वरिष्ठाचा आवाज म्हटल्यावर हुकूम पाळायची सवय हाडात बसलेली असते ना. काकूंनी दार ठोठावून ठोठावून शेवटी शेजाऱ्याला बोलावलं आणि शेजाऱ्यानं सरळ फोन हातातनं काढून घेतला म्हणून वाचले. व्हिडिओ कॉलवर अटक असली काही गोष्ट कायद्यात नाही, पंतप्रधानांनी पण ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये यावर सांगितलं होतं. तरी अजून लोक बसतात कॅमेऱ्यासमोर. कारण तो सांगतो ना 'कुणाला सांगू नका', तिथंच सगळं अडतं.

कृष्णाकाठचा
खरं सांगू का, साठीच्या पुढच्या माणसांना स्मार्टफोन देऊच नये. बटणाचा द्यावा.

कराडची_लेक
का म्हणून? माझ्या सासूबाई दुधाचे पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेतात, डेअरीचा हिशोब स्वतः ठेवतात, आणि अनोळखी फोन आला की 'सुनेला विचारून सांगते' म्हणून ठेवून देतात. आणि फसतात ते म्हातारेच हे कुणी सांगितलं? आमच्या कॉलेजात बघा काय चाललंय. घरबसल्या हॉटेलांना रेटिंग द्या, पहिल्या दिवशी खरंच थोडे पैसे येतात, मग 'प्रीपेड टास्क'. शेअर मार्केटचे ग्रुप, ॲपमध्ये नफा दिसतोय पण काढायला गेलं की टॅक्स भरा म्हणतात. हे सगळे पंचविशीतले, इंजिनिअर होणारे.

आणि सगळ्यात भयानक म्हणजे खातं भाड्यानं देणं. 'तुझं खातं, एटीएम आणि सिम फक्त वापरायला दे, महिन्याला पैसे देतो.' पोरांना वाटतं आपलं काय जातंय. जातंय हे की वरती जे कुणाकुणाचे पैसे चोरले ते त्या पोराच्या खात्यातनं फिरतात आणि पोलिस पहिले त्याच्याच दारात. पुढचा तर कुठल्या देशात बसलेला असतो कुणास ठाऊक. प्लेसमेंटच्या वर्षाला गुन्हा अंगावर.

कृष्णाकाठचा
बरं ताई, म्हाताऱ्यांचं विधान मागं घेतो.

बेदाणा_सौदे
या खात्यांवरून आठवलं. आमच्या ओळखीच्या दुकानदाराचं चालू खातं गोठलं, कारण काय तर कुणीतरी गिऱ्हाईकानं यूपीआयनं माल नेला आणि ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या फसवणुकीतले निघाले. याचा काडीचा संबंध नाही. बँक म्हणते तिकडच्या सायबर पोलिसांचं पत्र आहे, आम्ही काही करू शकत नाही. सीझनमध्ये पूर्ण खातं बंद म्हणजे हमालीचे पैसे द्यायची पण पंचाईत. यावर काय करायचं कुणाला माहिताय का?

निवृत्त_कॅशियर
बँकेकडून लेखी घ्या: कुठल्या राज्याचं पोलिस ठाणं, तक्रार क्रमांक काय, वादातली रक्कम किती. मग त्या ठाण्याला ईमेल आणि रजिस्टर पोस्टानं त्या दिवसाचं बिल, जीएसटी इनव्हॉइस, माल दिल्याची पावती पाठवा आणि मागणी अशी करा की फक्त वादातली रक्कम रोखून ठेवा, बाकी खातं मोकळं करा. बऱ्याच वेळा एवढ्यानं सुटतं. नाही सुटलं तर नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, पोलिस कलम १०६ खाली रक्कम रोखतात आणि ती सोडवायला कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करता येतो. तिथं मात्र वकील करा. फसलेल्याचे जे पैसे मधेच कुठल्या खात्यात अडवले जातात ते परत मिळवायला पण साधारण हाच मार्ग, म्हणून १९३० ला लवकर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात थांबलेले असतील तरच अडवता येतात, काढून घेतल्यावर काय अडवणार.

द्राक्षबाग_तासगाव
येक राहिलंच. अंगठ्यावर पैसे काढत्यात त्येचं बी लई ऐकलंय. ओटीपी नाय काय नाय.

दंडोबा_ट्रेकर
हो मामा, ते आधारवरून पैसे काढायचं, एईपीएस. ठशाची नक्कल करून काढतात. त्याला उपाय सोपा आहे, आधारच्या साईटवर किंवा ॲपवर 'बायोमेट्रिक लॉक' करून ठेवायचं, रेशनला किंवा कुठं अंगठा द्यायचा असेल तेवढ्यापुरतं उघडायचं. आणि संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पण बघून घ्या, नको असलेलं तिथंच कळवता येतं.

अपशिंगेकर
त्या दिवसभर येणाऱ्या लोनच्या फोनवर काही इलाज? डोकं उठलंय राव.

दंडोबा_ट्रेकर
१९०९ वर डीएनडी करा. पूर्ण बंद होत नाहीत पण कमी होतात. रजिस्टर जाहिरातवाल्यांचा नंबर १४० नं सुरू होतो, बँका वगैरेंचे सेवेचे फोन १६०० नं. साध्या मोबाईल नंबरवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणाला की ठेवून द्या. पैसे गेले नसतील, नुसता प्रयत्न झाला असेल तर संचार साथीवर 'चक्षू' आहे तिथं तो नंबर टाका. पैसे गेले असतील तर चक्षू नाही, १९३०.

हळदपेठ
अपडेट: पाचातल्या तिघांचं काही गेलेलं नाही, सिम काढल्यामुळं असेल किंवा नशीब. एकाचे गेलेत, लगेच १९३० ला लागला फोन, काही रक्कम पुढच्या खात्यात अडवलीय म्हणाले. पाचव्याकडं दोन बँका होत्या, एकच बंद केलेली, दुसरीचं आज सकाळी कळलं. अण्णांचं व्हॉट्सॲप अजून त्यांच्याकडं नाही, तिकडं कुणीतरी पिन लावून ठेवलाय.

मोबाईलवाला_विश्रामबाग
अण्णांचा फोन रिसेट झाला असेल तर त्यांच्या नंबरनं व्हॉट्सॲप परत चालू करा, एसएमएसचा सहा आकडी कोड टाकला की तिकडचा माणूस बाहेर फेकला जातो, पिन माहीत नसला तरी. फक्त पिन विचारत असेल तर ७ दिवस थांबावं लागतं, मग पिनशिवाय उघडतं. उघडलं की आधी स्वतःचा टू-स्टेप पिन लावा, आणि तोपर्यंत दुसऱ्या कुणीतरी ग्रुपमधून अण्णांचा नंबर काढून टाका, राग नाही येणार त्यांना. सगळ्यांनी कॉल फॉरवर्ड पण तपासा, स्टार हॅश २१ हॅश डायल करा. कुठला नंबर दिसला तर हॅश हॅश ००२ हॅश, सगळं बंद होतं.

हळदपेठ
ग्रुपमधून काढलं त्यांना. रागावलेत. समजावतोय. उद्या ज्याचे गेलेत त्याला घेऊन सायबरला जायचंय, बँकेच्या अर्जाचा मराठीत मसुदा कुणाकडं असेल तर टाका.

निवृत्त_कॅशियर
रात्री टाईप करून टाकतो. यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक, तेवढे काढून ठेवा, पासबुकवर नसतील तर स्टेटमेंटमध्ये मिळतील.

द्राक्षबाग_तासगाव
त्ये २१ करून बघितलं. चारपाच ओळी आल्या, सगळीकडं 'नॉट फॉरवर्डेड' हाय. म्हंजी बरं न्हवं?

मोबाईलवाला_विश्रामबाग
बरं आहे मामा.